मी न काढलेला चेहरा

भूतखेत, भास, संकेत... यातलं काही मी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगाऱ्या-धुपाऱ्याला जागा नाही. तेव्हा "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं, मग बोलावं.

मी मूळची नायगाव तालुक्यातली. नांदेडला विष्णुपुरीजवळ खोली करून राहते, अ‍ॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने स्वतःवर झालेल्या अन्यायावर छोटी अ‍ॅनिमेटेड डॉक्युमेंटरी करायची होती. माझा विषय ठरलेलाच होता. चौथीत असताना वर्गमैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात मी मैत्रिणीच्या शेजारी पंगतीत बसले. आमच्या वस्तीने शेवटच्या पंगतीत बसायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला घास हातात असताना मैत्रिणीच्या काकांनी दंडाला धरून मला उठवलं. अहो, वैऱ्यालाही कुणी भरल्या ताटावरून उठवत नाही.

पुढे गावात विषय निघाला की एकच उत्तर – "असं काही झालंच न्हाई, पोरगी बनवून सांगायलीय." आई तेव्हा त्या काकांच्याच शेतात कामाला जायची. ती गप्प बसली.

फिल्म मी कोळशाने कागदावर काढली. काकांचा चेहरा काढलाच नाही. मला तो आठवतच नाही, आठवतो तो दंडावरचा हात. शिवाय आमचे सर म्हणाले, "कुणाच्या भावना दुखावतील, चेहरे कोरे ठेव." माझ्या भावनांचं काय, हे विचारायची सोय नव्हती. ठेवले कोरे... नुसते लंबगोल.

फिल्म लातूरच्या एका स्पर्धेत गेली. तिथे कुणीतरी परीक्षक बाईंच्या कानावर घातलं, की ही गोष्ट कल्पित आहे, पुरावा नाही, डॉक्युमेंटरी विभागातून काढा. बाई बाहेरगावच्या. म्हणाल्या, "बघून ठरवू." माझ्या अंगाची लाही लाही झाली. बक्षीस गेलं चुलीत, खऱ्याला खरं म्हणा एवढंच मला हवं होतं. फिल्म बघायला गावाहून आलेली आई शेजारी बसली होती.

दुपारी फिल्म दाखवली. दिवे लागले आणि मागून एक गृहस्थ उठले. त्यांच्या मुलीचीही फिल्म स्पर्धेत होती. आईने ओळखलं – त्याच काकांचा मोठा मुलगा, आता लातुरातच राहणारा. काका करोनात वारले.

"माझ्या वडलाचं तोंड दाखवलंव," ते मला म्हणाले. "मेल्या माणसाची बदनामी करायलाव?"

"मी कुणाचाच चेहरा काढलेला नाही."

"हनुवटीवरचा बैलाच्या शिंगाचा वण बी काढलाव की. अन् वर न्हाई म्हणता?"

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "वण तर मीही पाहिला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुद्दाम दाखवलाय."

काकांच्या हनुवटीवर वण होता, हे मला ठाऊकच नव्हतं. फिल्म पुन्हा लावली, थांबवत थांबवत पाहिली. कोरा लंबगोल. मूळ कागदांवरही तेच. त्या दोघांशिवाय हॉलमध्ये कुणालाच काही दिसलं नव्हतं.

गृहस्थ थांबवलेल्या पडद्याकडेच बघत होते. "मारलं नव्हतं तिला," ते म्हणाले. "नुस्तं उठवलं व्हतं. तवा रीतच तशी व्हती."

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "हाव. नुस्तं उठवलं. लेकरू उपाशी आलं घरी."

इतकी वर्षं जे झालंच नव्हतं, ते भरल्या हॉलसमोर झालं. फिल्म डॉक्युमेंटरी विभागातच राहिली.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, माफी मागतील. मूर्खच मी. ते म्हणाले, "ताई, तेवढं तोंड पुसून टाका." फिल्ममध्ये मला पंगतीतून उठवलेलं तसंच राहिलं तरी त्यांना चालणार होतं.

तो चेहरा त्या दोघांनाच का दिसला, हे मला अजून कळलेलं नाही. सर म्हणतात, सावलीचा खेळ असेल. सावलीला वण कुठून येतो, ते सांगत नाहीत.

त्या गृहस्थांचे अजून फोन येतात. परवाही आला. मी नेहमीचंच सांगितलं – तिथे काही काढलेलंच नाही, तर पुसू काय?

ते हळूच म्हणाले, "पण मला अजून बी दिसायलंय. डोळे मिटले तरी."

मी म्हटलं, दिसू द्या.