मामाची वाट आणि दुपारचं वाचन

शाळेच्या शेवटच्या दिवशी मराठी शाळेच्या मॅडम आमच्या अंगणात आल्या. हातात गोष्टींची पाच पातळ पुस्तकं. मी खाटेवर सरळ होऊन बसलो. भीमपूरकडच्या याच वावरांत या मॅडमच्या आजीनं आणि मी सोबत कापूस वेचलेला. आता तिची नात शाळेत शिकवते, याचा मला मोठा अभिमान. तोंडावर मात्र कधी बोललो नाही.

"आबाजी, तुमची नात तिसरी पास झाली," त्या म्हणाल्या, "पण अजून एकेक अक्षर जुळवून वाचते. वर्गात पोरं हासतात, म्हणून वाच म्हटलं की तिचं पोट दुखते. उन्हाळाभर पुस्तक नाई धरलं तर हाय ते बी जाईन. रोज दुपारी तुमच्यासमोर वाचू द्या तिले."

"मी दुसरीतून बाहेर पडलेला माणूस. मी काय शिकवू?"

"शिकवू नका. फक्त ऐका."

"झालं समजा," मी म्हणालो. तोंडातून निघालेला शब्द मी परत घेत नाही. हे साऱ्या गावाला माहीत आहे. माझ्या बायकोला जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. बाहेर ऊन असं, की रांजणाच्या सावलीतलं कुत्रं उठायला तयार नव्हतं. मी दार लोटलं, कूलरमध्ये पाणी ओतलं आणि नातीला हाक मारली. "ये वो, आण पुस्तक."

ती हात मागं बांधून उभी राहिली. "दिवसा गोष्ट नाई चालत, आबाजी. मामा वाट चुकते."

हे तिला सांगणारा मीच. भर दुपारी पोरं गोष्टीसाठी जीव खातात, तेव्हा घरोघरची म्हातारी माणसं हेच सांगतात, की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. बाकीच्या पोरांचे मामा वावरात असतात, ते चुकून चुकून किती चुकतील? पण हिचा मामा, म्हणजे माझ्या सुनेचा भाऊ, हैदराबाद-नागपूर रस्त्यावर ट्रक चालवतो. मागं एकदा त्याला यायला फार उशीर झाला, तेव्हा मी त्यात आणखी भर घातली होती, की नक्की कोणीतरी दिवसा गोष्ट सांगितली. पोरीनं ते पक्कं धरून ठेवलेलं.

बायको आतून हसली. "घ्या आता! सांगा तिले, आबाजी लबाड बोलले म्हणून."

"मी कायले लबाड बोलू? माह्या बापानं सांगतलं, त्याच्या बापानं सांगतलं."

"मंग बसा आता तिघंही बाप एकमेकाचं तोंड पाहत."

संध्याकाळनंतर वाचू म्हटलं, तर पोट्टी खेळून दमलेली, ताटावरच डुलक्या देणारी. सकाळी लवकर उठवलं तर खिडकीकडे बोट दाखवी, "सूर्य निंघाला." काही दिवस असेच गेले. पुस्तकं कोनाड्यात पडून. जून आला की हिला पुन्हा त्याच पोरांसमोर उभं राहायचं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोरून हटत नव्हतं.

मग एका दुपारी डोक्यात आलं. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. सांगणारा एक ओळ सांगतो, ऐकणारा "हूं" म्हणतो. हुंकार थांबला की गोष्ट बंद. मी नातीला विचारलं, "हुंकारावाचून गोष्ट होते का?"

"नाई."

"मंग मी हुंकार देतच नाई. तू वाच. ती गोष्ट नाई झाली, नुसतं वाचन झालं. मामाले काई होत नाई."

तिनं वकिलासारखा विचार केला. "आजीनं बी द्याचा नाई."

"आजीनं बी नाई."

"शपथ?"

"शपथ."

असं आमचं सुरू झालं. ती अक्षरं ओढत वाचायची, मी तोंड मिटून ऐकायचो. तोंड मिटणं मला जन्मात जमलं नव्हतं, ते त्या पोरीनं जमवून घेतलं. ती अडली तरी मला बोलायची सोय नाही. मग तीच मागं जायची, पुन्हा वाचायची, आपली आपण सुटायची. हसायलाही कोणी नव्हतं.

तिसऱ्या पुस्तकात एक म्हातारी आणि तिची म्हैस होती. म्हैस पुराच्या पाण्यात शिरली, मधोमध गेली, म्हातारीच्या हातून दोर सुटला. पोरीचा आवाज भराभर धावत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हूं! मंग?"

पुस्तक खाली पडलं. "आबाजी, तुमी हुंकार देल्ला!" डोळे भरलेले. "मामाले फोन लावा!"

स्पीकरवर लावला. मामा इचोड्याला ढाब्यावर जेवायला बसलेला.

"मामा, कुठी हाय तू?"

"इचोड्यात. रडून काऊन राह्यली वो माय?"

"रस्ता बराबर हाय?"

"रस्ता बराबर हाय, भाजी तेवढी खारट हाय. झालं काय?"

तिनं सारं सांगितलं. मामाचाही फोन स्पीकरवर असावा, कारण तिकडून पूर्ण ढाबा हसल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "ते जाऊ दे. म्हैस निंघाली का पाण्यातून?"

"अजून वाचलंच नाई."

"मंग वाच ना. मी बसलोच हाय इथी, चुकतो कसा?"

तिनं डोळे पुसले, फोन मांडीवर ठेवला आणि वाचू लागली. तिकडून मामा "हूं" म्हणे, त्याच्यासंगं आणखी कोणाकोणाचे गळे. पान उलटायला मी हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला. शेवटपर्यंत एकदाही अक्षर जुळवायला थांबली नाही. म्हैस काठाला लागली तेव्हा ढाब्यावरचं कोणीतरी "शाब्बास" म्हणालं. ते म्हशीला होतं की पोरीला, कोण जाणे.

"आता तरी कबूल करा," बायको म्हणाली.

"काय कबूल करू? आता हायवे सरळ झाला. माह्या बापाच्या टायमाले वळणं होती."

जूनमध्ये शाळा उघडली. पोट दुखतं असं ती म्हणाली नाही. मॅडमच्या आधी फाटकाशी जाऊन उभी, आणि मी मागून काठी टेकत. मॅडमनी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तकं हातात घेतली.

"चारच हायेत. पाचवं कुठी?"

"मामाच्या ट्रकमधी," नात म्हणाली. "तो बी वाचून राह्यला. जरा हळू वाचते, पण तुमी त्याले हासू नका."