होडीपुरतीच फट

आमच्या थोरल्या भावाला, तुंदानला, पाण्यातलं सगळं कळतं. निदान त्याचा तसा समज आहे. तरुणपणी तो कालवा खोदणाऱ्या टोळीत होता. भातशेतीसाठी म्हणून सरकारने आमच्या दलदलीतून थेट नदीपर्यंत कालवे काढले. भाताचा दाणा पिकला नाही. कुजलेल्या पाल्याची आमची काळी जमीन मात्र निथळून कोरडी झाली आणि दर उन्हाळ्यात आतल्या आत धुमसू लागली. तरी हा अजून "मी खोदलेला कालवा" असं छाती काढून सांगतो.

पुढे त्याच कालव्यावर गावाने लाकडं आणि वाळूची पोती घालून बंधारा बांधला. तिथेही मुकादम तुंदानच! पण पाणी नदीकडे धावायचं थांबलं, जमिनीत मुरलं. भर उन्हाळ्यात रबराच्या बागेत माझे पाय ओले होऊ लागले. बाबांनी लावलेली दोनशे झाडं, माझ्या वाट्याची. त्यांच्या चिकावरच माझं घर चालायचं.

कालव्यातून होडीने बंधाऱ्याशी आलं की सगळे उतरत आणि ओंडक्यांवरून होडी पलीकडे ओढत. चहा उकळेतो काम उरके. तुंदानला तेवढंही जड. एका सकाळी पाहते तर हा करवतीने बंधाऱ्याची लाकडं कापतोय.

"दादा, हे काय चालवलंयस?"

"ओरडू नकोस, लामियांग. होडीपुरतीच फट ठेवतोय."

"पाणी काय तुझी होडी मोजून जाणार आहे?"

"तू आपला झाडांचा चीक काढ. पाण्याचं मला नको शिकवूस."

मी गावप्रमुखाकडे गेले. तो हसला. "तुंदानला कळतं त्यातलं," म्हणाला. एकापेक्षा एक शहाणे!

फटीतून पाण्याने वाळू ओढून नेली. आठवड्यात बंधाऱ्याला भगदाड पडलं. आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे भर उन्हाळा. ऑगस्टमध्ये विहिरी आटल्या, सप्टेंबरमध्ये जमिनीखालून आग आली. आधी मुळांतून धूर निघाला, मग झाडं एकेक करून कोसळली. तुंदान पंप घेऊन धावत आला खरा, पण कालव्यात चिखलाखेरीज काही नव्हतं.

"यंदा ऊनच फार," म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणत नाही.

बंधारा पुन्हा बांधलाय. आता तुंदान मुकाट्याने उतरतो, होडी ओढतो. वय झालंय, धाप लागते. लोक हात लावायला पुढे होतात. मी शेजारीच बसून जाळं धूत असते. मी उठत नाही.