शेंगाचटणीच्या वजनाची बॅटरी

वळसंगवरून एसटी जाताना मी अजूनही खिडकीतून आभाळात बघतो, ते त्या गृहस्थांमुळे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सोलापुरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी रिमोटचे सेल घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात लांबलचक पंखांचं विमान छातीशी धरून, खेकड्यासारखे आडवे चालत ते आत आले. मोटर नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं रिमोटचं ग्लायडर, घरीच बनवलेलं. त्याच्या नाकात तोल साधायला शेंगाचटणीची पुडी कोंबलेली. पंखांखाली दोन बोटं लावून त्यांनी ते उचललं, तर अगदी सरळ राहिलं.

"आतल्या रिसीव्हरसाठी ह्या पुडीएवढी जड बॅटरी द्या. संध्याकाळी वळसंगच्या माळावर पहिल्यांदाच उडवणार हाय."

"हलकी घ्या की. उरलेल्या वजनाचं शिसं भरा," दुकानदार म्हणाला.

"छे! बिनकामाचं वजन आपल्याला चालत न्हाय."

शेजारच्या किराणावाल्याचा काटा येईपर्यंत त्यांनी पुडी सोडली. "घ्या की, घरची हाय." मी घेतली, दुकानदारानं घेतली, दोघांनी पुन्हा घेतली. लई झक्कास!

मग काटा आला, पुडी तोलली आणि तिच्या वजनाची बॅटरी सापडली. नाकात बसवून बोटांवर धरलं, तर विमान शेपटीवरच बसलं. आम्ही तिघांनी अर्ध्या झालेल्या पुडीकडे पाहिलं आणि जे हसत सुटलो!

डोळे पुसत त्यांनी उरलेली पुडीही नाकात कोंबली. विमान पुन्हा सरळ.

"मग हे बिनकामाचं वजन नाही का?" मी विचारलं.

"बिनकामाचं कसं? उडवून झाल्यावर भाकरी खायची हाय की!"