तीन बोटांचं तोंड

"आपन बनवतो, खात नाई."

आमच्या नागभीडच्या स्टेशनरोडवर ठेला लावणारे अयूबभाई हे दिवसभर म्हणत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खर्रा घोटत, आणि पांढरेशुभ्र दात दाखवून हसत. त्याच खर्र्यावर त्यांची शाजिया दातांची डॉक्टर व्हायला निघाली होती.

"भाऊ, तुमी बिघडवा, पोरगी दुरुस्त करते. घरातल्या घरात धंदा!" ठेल्यावरचं रोजचं गिऱ्हाईक पत्रू चिडवायचा. सगळ्यांत मोठ्यानं अयूबभाईच हसायचे.

शाजियाच्या कॉलेजात गावात जाऊन दात तपासायचं शिबिर पूर्वी शेवटच्या वर्षी असायचं. तोवर मुलं प्लास्टिकच्या जबड्यावर हात बसवत. तो जबडा हवा तेवढा उघडतो. नव्या मॅडमनी क्रमच बदलला. इकडच्या माणसांची तोंडं तशी उघडत नाहीत, म्हणून तिसऱ्या वर्षीच गावात जायचं. आधी बोटं आणि प्रश्न, हत्यारं मागाहून.

पहिलं शिबिर नागभीडच्याच स्टेशनरोडवरच्या शाळेत लागलं. अयूबभाई इस्त्रीचा कुर्ता घालून, कॉलेजच्या मुलांसाठी समोसे घेऊन आले. लेकीला पांढऱ्या कोटात ते पहिल्यांदाच पाहत होते. रांगेत त्यांचं जुनं गिऱ्हाईक, धान पिकवणारे रामाजी दिसले.

"घ्या ना गा एक."

"नाई भाऊ. कडक असते."

अयूबभाईंनी ते हसण्यावारी नेलं.

रामाजींची पाळी आली. शाजिया म्हणाली, "काका, तुमचीच तीन बोटं उभी धरून दातांच्या मधात घाला."

एकच बोट गेलं.

"अजून उघडा."

"एवढंच उघडते, बाई. भाकर दुधात कुस्करून गिळतो. तिखट त सोडलंच."

लहानपणापासून 'शाजू' म्हणणारे रामाजी आज तिला बाई म्हणत होते. तिनं गालाच्या आतून बोट फिरवलं. आतला भाग वाळल्या चामड्यासारखा ताठ लागला. प्लास्टिकच्या जबड्याला गालच नव्हता. तिनं बोट बाहेर काढलं.

"पुढचे प्रश्न विचार," मागून मॅडम म्हणाल्या.

"खर्रा खाता?"

"खातो."

पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, तरी ती अडखळली. "कुठून घेता?"

रामाजींनी मान खाली घातली. "ध्यानात नाई."

साऱ्या रांगेला माहीत होतं. कोणी हसलं नाही. पत्रूसुद्धा आपल्या चपलांकडे पाहू लागला.

अयूबभाई भिंतीपासून पुढे आले. "माह्या ठेल्यावरून घेतात, मॅडम. आपन बनवतो..."

पुढचे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत. समोशांचा पुडा त्यांनी बाकावर ठेवला आणि ते बाहेर पडले.

"अब्बा!"

शाजिया हातमोज्यांसकट दारापर्यंत धावली. तिच्या मागे रामाजी येऊन उभे राहिले. दोघंही पाहत होते. ठेल्यापाशी दोन गिऱ्हाइकं वाट बघत होती. त्यातल्या एकानं हात वर केला. अयूबभाई थांबले नाहीत. खाली मान घालून ते ठेल्यावरून पुढे गेले, रेल्वे फाटकापलीकडच्या घराच्या दिशेनं.