वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घेतलं जायचं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या थंडीत मी कित्येक वर्षं एकच कोट घातला. आधी तो गुडघ्याखाली लोंबत होता, शेवटी मनगटं उघडी पडली. त्यामुळे बाबांनी बंदूकही वाढत्या अंगाची घेतली यात नवल काही नव्हतं. त्या वेळी मी भांडले, हे मात्र नवल होतं.

बाबा मोटारीच्या कंपनीत इंजिनियर होते. ऑफिसातल्या लोकांच्या नादाने ते रविवारी गावाबाहेरच्या क्लबवर जायचे. तिथे यंत्रातून नारिंगी मातीच्या चकत्या हवेत उडवतात आणि त्या शॉटगनने फोडायच्या असतात. वरणभात खाणाऱ्या माणसाने बंदुका कसल्या चालवायच्या, असं आई म्हणायची. मी बारा वर्षांची होते आणि मला बाबांसारखी चकती फोडायची होती. त्या उन्हाळ्यात बाबांना कॅन्सर असल्याचं कळलं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण घर लहान होतं आणि आईला हळू बोलता येत नसे. मग एका शनिवारी बाबाच म्हणाले, चल, तुला बंदूक बघू.

दुकानदार म्हातारा अमेरिकन होता, बोलायला तुटक. सगळ्यात स्वस्त म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक. बाबा लगेच खूश झाले. पण ती हलकी आहे, म्हणून खांद्याला सणसणीत धक्का देते, पोर दोन बारांत घाबरून जाईल, असं त्याने सांगितलं. धक्का न देणाऱ्या बंदुका आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. राहिली ती पुढचा दांडा मागेपुढे ओढून काडतूस भरायची, सेकंडहँड आणि जराशी जड. बाबांनी जुनी गाडी घेताना तपासतात तशी ती तपासली. नळीत डोकावले, दांडा ओढून पाहिला, लाकडावरून हात फिरवला. त्याच जातीची एक मुलांसाठी आखूड दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड लहान असलेली होती आणि एक पूर्ण मापाची. आखूड दस्ता माझ्या खांद्यात नीट बसला, गाल लाकडावर टेकला, डोळा सरळ नळीवर आला. मोठी धरली तर दस्ता काखेत घसरायचा. या मोठीने पोरीचा नेम लागणार नाही, दुकानदार म्हणाला. फार तर मोठीचा दस्ता कापून देतो, तुकडा जपून ठेवा, मुलगी वाढली की स्क्रूने परत बसवू.

मला मापाचीच हवी म्हणून मी भांडले, पण चांगलं लाकूड कशाला कापायचं, वाढेल ती, असं म्हणून बाबांनी मोठीच घेतली.

ऑक्टोबरभर मी एकही चकती फोडली नाही. बाबा स्वतः बार काढायचे बंद झाले होते. माझ्या मागे घडीच्या खुर्चीवर पांघरूण घेऊन बसायचे आणि दर वेळी म्हणायचे, थोडक्यात गेली. थोडक्यात वगैरे काही गेलेली नसायची. माझा दंड काळानिळा झाला होता. एकदा परत येताना गाडीत मला रडू फुटलं.

"बाबा, आय वॉन्ट यू टू सी इट," मी म्हणाले. "जस्ट वन्स."

ते पुढच्या सिग्नलला थांबले. मग म्हणाले, "बरं, कापू या."

दस्ता कापून बंदूक परत आली तोवर बाबा हॉस्पिटलमध्ये होते. त्यांच्या ऑफिसातल्या एका काकांनी मला क्लबवर नेलं आणि त्या दिवशी चकती फुटली. संध्याकाळी मी ते बाबांना सांगितलं. त्यांना सगळं नीट ऐकायचं होतं. कुठल्या बाजूला चालली होती, नुसती कड उडाली की भुगा झाला. भुगा झाला, मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. ते झोपले असं मला वाटलं, पण ते चकती बघत होते.

मग त्यांनी विचारलं, "तो तुकडा टाकला नाहीस ना?"

"नाही."

"ठेव. लागेल तुला."

बर्फ पडायच्या आत बाबा गेले.

तुकडा आईच्या शिलाईच्या डब्यात, बटणांमध्ये पडून होता. मी सोळा वर्षांची झाल्यावर तो घेऊन त्याच दुकानात गेले. म्हाताऱ्याने मला ओळखलं, पण बाबांचं काही विचारलं नाही. त्याने तुकडा बसवला. जोडाची बारीक रेघ तेवढी राहिली. मी बंदूक उचलली. गाल, डोळा, खांदा, सगळं जागच्या जागी आलं. एवढी उंच झालेली मी बाबांनी कधी पाहिली नव्हती आणि त्यांनी घेतलेलं माप बरोबर निघालं होतं. मला तिथेच रडू आलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, झाली का बरोबर. अगदी बरोबर, मी म्हटलं. आणि मग लक्षात आलं, की बाबांनी घेतलेलं, मला अजून सैल होणारं असं आता घरात काहीच उरलं नाही.