चौथ्या मजल्यावरचे पहिले शुक्रवार

आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. बिल्डरने जागा सोडली आणि तो निघून गेला. आता तिथे कुणाची मोडकी सायकल, कुणाची जुनी पाण्याची टाकी असं काहीबाही पडलेलं असतं. भाईंदर पूर्वेला हे घर घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता, चौथा मजला म्हणजे हवा मस्त. तेव्हा तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा. मूळचा उत्तनचा, लहानपणापासून होडीवर गेलेला माणूस, त्याला चार मजल्यांचं काय कौतुक! मला ती हवा पहिल्याच दिवशी संशयास्पद वाटली होती. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी, आणि तिथून आमच्याकडे त्यांच्या फोडणीशिवाय काही येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समज मात्र सगळी शाबूत. हॉस्पिटलमधून चौघांनी त्याला खुर्चीत बसवून वर आणला, आणि त्यानंतर तो खाली उतरलाय फक्त दोनदा, तेही डॉक्टरकडे जायला. तो वर म्हणून मीही वर. एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायचे, ते सुटलं. रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली. बाजारात जायचं तर खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या वहिनी अर्धा तास येऊन बसायच्या. त्या अर्ध्या तासात भाजी, औषधं, गिरणी सगळं उरकून मी धापा टाकत परत. कुणी रस्त्यात भेटून "कशी आहेस?" विचारलं की मला रागच यायचा, कारण उत्तर द्यायला वेळ नसायचा.

सुरुवातीला चर्चमधली माणसं भेटायला यायची. एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, देवाने हा क्रूस उचलायला तुला निवडलंय. मी म्हटलं, मी अर्ज केला नव्हता. त्या पुन्हा आल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

येत राहिले ते एक अंकल. नोकरीतून निवृत्त झालेले, उत्तनचेच. जे आजारी चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद पोचवायची सेवा ते करतात. गळ्यात छोटी पिशवी, पिशवीत सोनेरी डबी आणि डबीत पातळ पांढरी भाकर. एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी. मी टेबलावर पांढरा कपडा घालायचे, क्रूस ठेवायचे, मेणबत्ती लावायचे. अंकल प्रार्थना म्हणायचे, नवरा तोंड उघडायचा, मग मी. पाचच मिनिटांचं सगळं, पण त्या पाच मिनिटांवर मी पुढचा महिना काढायचे. गुडघे टेकून उठले की वाटायचं, आहे कुणीतरी, विसरलेला नाही.

मग गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, ती दुपार आली.

मी ओट्यापाशी होते, गॅसवर दूध होतं. पलंगावरून त्याचा खोकला ऐकू आला. त्याला गिळायला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांनी सगळं मऊ, कुस्करून द्यायला सांगितलेलं. त्यामुळे त्याचे सगळे खोकले मला ओळखू येतात. हा साधा खोकला नव्हता, घास अडकलेला होता. आणि मी जागची हलले नाही. दुधाला उकळी आली, गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, ओटा पुसला. डोक्यात एकच वाक्य होतं: आता सुटू दे. कोण सुटू दे, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग धावले. पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोटं घातली, पावाचा ओला गोळा बाहेर आला आणि त्याने श्वास घेतला. माझ्या चहाबरोबरचा कडक पाव होता तो. बशी स्टुलावर राहिली होती. माझाच निष्काळजीपणा, असं मी धरून चालले. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. आमचं घर म्हणजे एक खोली आणि समोर स्वयंपाकघर. पलंगावरून ओटा सरळ दिसतो. मी फडका फिरवत उभी होते हे त्याने पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी भिंतीकडे.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी अंकल आले. मेणबत्ती लावली, प्रार्थना झाली, अंकलनी ख्रिस्तप्रसाद पुढे केला आणि नवऱ्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"काय झालं रे बाबा? दुखतं हाय काय?" अंकलनी विचारलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

मग अंकल माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नको अंकल. मी कन्फेशन केलेलं नाही." आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं, मनावर मोठं पाप असेल तर आधी फादरांपाशी कबुली द्यायची, मगच ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. अंकलनी डबी बंद केली आणि दोन्ही भाकरी परत घेऊन गेले.

मला त्याच्या मिटलेल्या ओठांचा अर्थ लख्ख कळला होता. तो मला शिक्षा करत होता. त्याला जीभ नव्हती, म्हणून देवासमोर, अंकलसमोर तो असा बोलत होता: या बाईच्या घरात मी हे घेणार नाही. मी पेजेची वाटी आदळली. "बोलता येत नाही तर असं बोलतोस होय?" त्याने डोळे मिटले.

पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. दिवसातून तीनदा मी त्याला भरवत होते, अंग पुसत होते, कूस बदलत होते, आणि दोघं एकमेकांकडे न बघता. बाहेर जाता येत नव्हतं आणि आत बसवत नव्हतं. रडायचं तर मोरीत नळ सोडून. रोझरी हातात घ्यायचे आणि मणी नुसते बोटांतून सरकायचे, प्रार्थना एकही निघायची नाही. एकदा क्रूसाकडे बघून मी चक्क भांडले. म्हटलं, तूही तिथे ठोकलेला, तोही इथे पडलेला, मीही इथेच. खाली कुणी कुणाला उतरवायचं?

चौथ्या खेपेला अंकल दारात थांबून हळूच म्हणाले, "बाय, मी फादरना पाठवतो. याचं काय हाय ते त्यांना बघू दे."

फादर मंगळवारी सकाळी आले. वयस्कर, गुडघ्यांनी अधू. तिसऱ्या मजल्याच्या वर अर्ध्या जिन्यातच दम लागून पायरीवर बसले. मी पाण्याचा ग्लास घेऊन खाली उतरले. नवरा हट्टाला पेटलाय, त्याला समजवा, असं सांगायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"फादर, आजारी तो नाही. मी आहे."

त्यांनी पाणी संपवलं. खिशातून कन्फेशन ऐकताना घालायचा जांभळा पट्टा काढून गळ्यात घातला आणि शेजारची पायरी हाताने झटकली. एका बाजूला कुणाचा तरी चपलांचा स्टँड, खालून कुकरच्या शिट्ट्या, आणि मी सगळं सांगितलं. दूध, झाकण, ओटा, ते वाक्य. काही वगळलं नाही.

"मग गेलात ना तुम्ही त्याच्याकडे?" फादरनी विचारलं.

"गेले. पण उशिरा."

"गेलात," ते म्हणाले, आणि पापक्षमेचे शब्द म्हटले. प्रायश्चित्त काय, तर एवढंच: "हे सगळं त्याला सांगा. आत्ताच. मी इथे बसतो."

पन्नास रोझऱ्या सांगितल्या असत्या तर मी आनंदाने म्हटल्या असत्या.

पलंगाच्या कडेला बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. तरी मी ओटा पुसत राहिले. मला माफ कर."

मग त्याचा डावा हात उठला. मला वाटलं, ढकलतोय. पण त्याने स्टुलाकडे बोट केलं. स्टूल नेहमी त्याच्या उजवीकडे असतं, निकामी बाजूला. डावा हात छातीवरून पलीकडे नेत, सगळं अंग पिळवटत तो त्या स्टुलापर्यंत पोचला, मूठ मिटली आणि तोंडाशी नेली. मला वाटलं, भूक लागली असेल. त्याने चिडून मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं आणि बोटांनी मला हाकललं. जा. तू जा.

तेव्हा कळलं. बशी त्याच्या हाताशी राहिलीच नव्हती. पाव त्याने मिळवला होता, किती वेळ धडपडून कुणास ठाऊक. आपल्याला तो गिळता येणार नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मला मोकळं करायला निघाला होता तो. आणि इतके महिने तोंड मिटून होता ते मला शिक्षा द्यायला नव्हे. ज्या शिकवणीने मी मागे सरले होते, त्याच शिकवणीने तोही मागे सरला होता. मी निदान जिना उतरून कुणाला तरी सांगू शकले. तो कसा सांगणार होता?

"मेल्या," मी म्हटलं, "मला विचारलंस तरी का?" आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडले. तोही रडला, अर्ध्या चेहऱ्याने. "मला कुठेही जायचं नाही," असं मी त्याला त्या भरात सांगितलं, पण ते काही खरं नव्हतं. मला जायचं असतं. समुद्रावर, मिस्सेला, घड्याळ न बघता नुसतं बाजारात. आजही आम्ही चौथ्या मजल्यावरच आहोत आणि आजही काही दुपारी दार उघडून पळत सुटावंसं वाटतं. फरक एवढाच की आता मी ते त्याला सांगते, आणि तो मान हलवतो.

त्या दिवशी मी डोळे पुसले आणि जिन्याच्या कठड्यावरून वाकून हाक मारली, "फादर, वर या. अजून एक कन्फेशन आहे."

"बोलायला लागलाय?" खालून आवाज आला.

"नाही. पण तो दाखवेल. तुम्ही बघा."

भिंतीला हात लावत, प्रत्येक पायरीवर थांबत फादर चढून आले आणि आत गेले. मी बाहेरून दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. थोड्या वेळाने रत्नागिरीच्या वहिनी कसलीशी वाटी घेऊन वर आल्या. बंद दार बघून त्या घाबरल्याच.

"अहो, अशा बाहेर का बसलात? काय झालं?"

"काही नाही वहिनी," मी म्हटलं, "आत तो बोलतोय."