पिंपातली रुई

अण्णा गेल्याचे कळले तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी पितळी हंड्यावरून हुज्जत घालत होते. हंडा त्याच्याच हातात सोडून रस्ता ओलांडला... समोरच त्यांचे घर. आता दोन महिने झाले आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

अण्णा माझे आतेभाऊ, तंजावरच्या पोस्टातून निवृत्त झालेले. गच्चीवर त्यांनी इथल्याच मातीतली झाडे लावली होती. कढीलिंब, लिंबू, अबोली आणि अर्ध्या कापलेल्या पिंपात पांढरी रुई. फुले फुलपाखरांना, पाने त्यांच्या अळ्यांना, उरलीसुरली माणसांना. मी घासाघीस करून परदेशी रंगीत रोपे आणली, तर म्हणाले, "सुंदर आहेत गं, कमळे. पण यांना खाणारे इथे कोणी नाही." रुईची रोपे त्यांनी अर्ध्या गल्लीला वाटली, मला नाही. विचारले तर शांतपणे म्हणाले, "तू विकशील." नवऱ्यामागे टोपलीभर भांड्यांवरून मी दुकान उभे केले, ते विकूनच ना? तो शब्द मला लागला.

रथसप्तमीला आमच्याकडे रुईची सात पाने अंगावर ठेवून न्हातात. त्या वर्षी मी रागाने, न विचारता त्यांच्या गच्चीवरून सात पाने ओरबाडून आणली. न्हाणीत हळद लावून एक डोक्यावर ठेवले, तर काहीतरी कपाळावरून चालत नाकापर्यंत आले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची जाड अळी. माझी किंकाळी ऐकून अण्णा पंच्यावरच धावले आणि दाराबाहेरून विचारले, "अळी कोठे आहे?"

"आधी मी कशी आहे ते विचारा."

"तू ओरडतीस, म्हणजे बरी आहेस. तिच्यावर पाणी ओतू नको."

ओल्या लुगड्याने मी ती परत झाडावर नेऊन ठेवली. पुढे प्रत्येक लग्नात ते सांगत, "आमच्या गच्चीवर एक फुलपाखरू आहे, कमळीने हळद लावून न्हाऊ घातलेले."

ते गेल्यावर त्यांचा मुलगा चेन्नईहून आला. घर भाड्याने द्यायचे, रुईचा चीक पोरांच्या डोळ्यांत जाईल, म्हणून ती उपटायला निघाला. मी गच्चीवर जाऊन उभी राहिले.

"आत्या, हवी तर न्या. फुकट."

"फुकट नको. पिंपासकट दे, माती तीच, आणि खाली उतरवायची तू."

त्याने वडिलांसारखाच उसासा टाकला. हातगाडीवरून झाड माझ्या दारी आले आणि आठवड्यात सगळी पाने गळली. मी रोज पाणी घालत होते आणि रोज अण्णांना शिव्या देत होते... त्यांनी वेळेवर एक रोप दिले असते, तर ही पाळी आली नसती. मग एका सकाळी बुंध्याशी कोंब दिसला. पाठोपाठ पाने आली. त्यांच्यामागून अळ्याही आल्या.

परवा रथसप्तमी. आज झाडावर नऊ पाने आहेत आणि खाणाऱ्या अळ्या चार. पाने मंडईबाहेर बसणाऱ्या बाईकडून घेईन, ती सांगेल त्या भावाने. अण्णा, बघा, विकत नाही, विकत घेते आहे. तेवढे एकदाच.